कमानीच्या जागची पडवी

११ जानेवारी

मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा, कारण मी आत्ता शिडीवर बसलोय आणि इथून वाकलो तर थेट रस्त्याच्याच पाया पडेन. फोन करत नाही. मागच्या वेळी मी काय बोललो आणि तुम्ही काय ऐकलंत, यावरून ताईनं मला चांगलंच फैलावर घेतलं होतं. पत्र बरं, त्यात निदान दोघांना एकच ऐकू येतं.

पेट्रोल पंप सोडला. कोंबड्यांचं काम त्याआधीच सोडलं होतं, ते आईनं रडून सांगितलं असेल. एका टेम्पोवाल्याबरोबर निघालो. त्याला फरश्या पोचवायच्या होत्या, मला काहीच पोचवायचं नव्हतं. फरश्या जिथे उतरल्या तिथे मीही उतरलो. गावाचं नाव वाचलं आणि आठवलं, लग्नाआधी तुम्ही सुतारकामाला होतात ते हेच ना? नदीचं वळण, वळणावर गाव, गावात धड असा एकच रस्ता.

काम उभ्या उभ्याच मिळालं. झालंय असं, की गावाबाहेरून नवा हमरस्ता गेला आणि गाड्या आत यायच्या बंद झाल्या. दुकानदार माश्या मारत बसलेत. म्हणून इथल्या सुधार समितीनं ठरवलंय, की बाजाररस्ता जुन्या काळी होता तसा हुबेहूब करायचा, म्हणजे लोक मुद्दाम आत वळून बघायला येतील. त्यासाठी जुन्या इमारतींच्या जाणकार बाई आणल्यात. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. मी मॅडमचा खरवड्या. ऑपरेशनच्या ब्लेडनं भिंतीवर तळहाताएवढी जागा घ्यायची आणि एकेक रंग सोलत आत जायचं. वर पिवळा, त्याखाली गुलाबी, मग कसलासा आजारी हिरवा, मग चुन्याचा गिलावा. शाळेत इतिहास असा शिकवला असता तर मी दहावीला बसलो असतो.

आज चष्मेवाल्या काकूंच्या दुकानाची भिंत केली. दुकानापुढे पडवी आहे, कौलारू, आत बाक. पडवीचे वासे भिंतीत शिरतात ना, त्याच्या हातभर खाली, सगळ्या रंगांच्याही आत, मला बुजवलेली भोकं सापडली. आत लाकडाचे ठोकळे ठोकलेले. एक ओढून काढला तर त्याला एका अंगाला पांढरा पापुद्रा आणि गोणपाटाचे दोरे. मॅडम तेव्हा जेवायला गेल्या होत्या. माझ्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला अडकवायला ठोकळा झकास आहे. घेऊन आलो.

तुम्हाला इथलं काही आठवतं का? समितीच्या खोलीत जुना फोटो लावलाय, त्यात बाजाररस्त्याच्या तोंडाशी ही एवढी कमान आहे. आता नाही ती.

तुमचा,
भिंगरी


२० जानेवारी

भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंगी शाईतून निघून कागदावर फिरावी तसं.

हो, तेच गाव. एका सुताराच्या हाताखाली होतो, फार दिवस नाही. चष्म्याचं दुकान माहीत आहे. तेव्हा त्या बाईचे वडील बसत. ती पाळण्यात होती.

फोटो कसा आहे? कमान पूर्ण दिसते का, की वरचा भाग कापला आहे? दगडांचे सांधे दिसतात का? भिंगातून बघून कळव. घाई नाही.

भोकं जमिनीपासून किती वर आहेत, तेही बघ.

इथे ठीक. चष्म्याची काडी तुटली आहे, दोरा बांधून चालवतो. ताई म्हणते नवा घ्या. मी म्हणतो काचा चांगल्या आहेत. शिडीवर बसून पत्र लिहीत जाऊ नकोस.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

भोकं माझ्या डोक्याच्या थोडी वर. आता फोटो. मॅडमचं भिंग मागून घेतलं, त्या म्हणाल्या, "अरे वा, तुला कशात तरी रस आहे!" कमान पूर्ण दिसते. सांधे इतके स्वच्छ की मोजून घ्यावेत. वर मधोमध कमळासारखं काहीतरी कोरलंय. कोणी मोठा पाहुणा येणार होता, त्या दिवसाचा फोटो आहे म्हणे. दुतर्फा माणसं उभी, सगळ्यांनी केस चापून बसवलेले, आणि एक कुत्रं मधोमध बसलंय, त्याला पाहुण्याचं काही नाही.

कमानीचं इथे फार मोठं प्रकरण झालंय. समितीचे अध्यक्ष म्हणजे चपलांच्या दुकानाचे मालक. माणूस वाईट नाही, फक्त बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघतो. त्यांचे वडील फोटोत कमानीखाली उभे आहेत. अध्यक्ष म्हणतात, गावाला तोंड होतं, रस्ता रुंद करताना ते कोणीतरी पाडलं, आता आपण परत लावायचं. दगडात. मूळ होती तशी. बाहेरून लोक येतील ते कमान बघायलाच येतील.

घोळ असा आहे, की कमानीचा डावा खांब बरोबर काकूंच्या पडवीच्या जागी येतो. आणि फोटोत पडवी नाही. म्हणजे पडवी नंतरची, मागाहून पुढे काढलेली, म्हणून ती काढायची.

ती पडवी तुम्ही आता बघायला हवी. चष्मा दुरुस्तीला दिला की माणसाला दिसत नाही, बरोबर? रस्ता ओलांडता येत नाही, पेपर वाचता येत नाही. मग तो पडवीतल्या बाकावर बसतो. असे चार बिनचष्म्याचे एका वेळी बसले की जे काही सुरू होतं, त्यापुढे समितीची बैठक काहीच नाही. कोण आलं ते आवाजावरून ओळखायचं, आणि बोलला नाही तर कळतच नाही. परवा निवृत्त पोस्टमनकाका अध्यक्षांना मनसोक्त शिव्या घालत होते. कमानीचं खूळ, त्याचं ते चपला विकणारं डोकं, सगळं. शेजारचा माणूस मुकाट ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं, पुढे?" अध्यक्षच होते. त्यांनीही काडी बदलायला दिली होती. पोस्टमनकाका म्हणाले, "पुढे काय, चष्मा मिळाल्यावर तोंडावर बोलेन." दोघंही हसले. हे दुसरीकडे कुठे झालं असतं?

मॅडमना कमानीची शंका येते. मला म्हणाल्या, "एवढ्या बारीक खांबांवर दगडाची कमान उभी राहिली कशी?" खांबाच्या जागी माझ्याकडून खणून घेतलं, पाया लागला नाही. पण अध्यक्ष म्हणतात, फोटो समोर आहे, तो काय खोटं बोलतो? मॅडम म्हणतात, शंकेवर समिती ऐकत नाही, प्रत्यक्ष बघितलेलं कोणीतरी हवं. तेव्हाची माणसं काही पोटासाठी गेली, काही कायमची गेली. मी म्हटलं, माझे मामा होते इथे. मॅडमनी माझ्या हातातून भिंगच काढून घेतलं आणि म्हणाल्या, "मग लिही ना त्यांना!"

तर लिहितोय. कमान आठवते का? कशाची होती? पडवी तेव्हा होती का?

नदीत गाळ काढायचं यंत्र आलंय. त्याचा आवाज हत्तीला उचकी लागल्यासारखा आहे. रोज संध्याकाळी बघायला जातो.

भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं.

इकडे बरं आहे. ताईनं आणि जावयांनी बाल्कनीतली माझी हत्यारांची पेटी आत माळ्यावर टाकली, तिथे कुंड्या ठेवल्या. कुंड्यांना पाणी मी घालतो. रंधा गंजेल म्हणून तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. शेजारच्यांचं कपाट वाकडं झालं होतं, ते बिजागरी बदलून सरळ केलं. मजुरी म्हणून त्यांनी टीव्ही बघायला बोलावलं.

कमान चांगली होती. प्रमाणात होती, रुंदीला उंची शोभत होती. कमळ म्हणतोस ते कमळ नाही, सूर्यफूल आहे. दगडात करायची म्हणतात, तर मग चांगला पाथरवट बघावा. वरचा दगड सगळ्यात शेवटी बसतो, तो नीट नाही बसला तर सगळं फुकट.

बाकी मला फारसं आठवत नाही. खूप वर्षं झाली.

पाटी वगैरे लावणार आहेत का?

मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वाचून मी घाबरलो. तुम्हाला आठवत नाही? माझ्या बारशाला कोण कोण न जेवता गेलं ते तुम्हाला आठवतं! मी ताईला फोन केलाय. म्हटलं, मामांना एकदा दाखवून आण, त्यांचं विसरणं वाढलंय. रागावू नका. आईची मावशी अशीच आधी कमानीसारखं काहीतरी विसरली आणि शेवटी गॅस बंद करायला विसरू लागली.

मॅडमना सांगितलं, मामांना आठवत नाही. त्या "ठीक आहे" म्हणाल्या आणि त्यांनी कमानीच्या नकाशाची घडी घातली. मग परत उघडली. त्यांना तो काढावाच लागणार.

पाटीचं विचारलंत. हो, लागणार आहे. मजकूरही ठरलाय: "ही कमान अज्ञात कारागिरांनी घडवली." अध्यक्षांना 'अज्ञात' शब्द फार आवडला. म्हणाले, त्यानं वजन येतं.

पुढच्या बैठकीत शिक्कामोर्तब, की लगेच पडवी उतरवायची. पाथरवट येऊन दोरी लावून गेला. दोरी बाकावरून जाते. पोस्टमनकाकांनी ती चाचपून विचारलं, "हे काय, कपडे वाळत घालणार?"

काकूंशी मी बोललो. त्या काचेची कड घासत होत्या, यंत्र बंद न करताच बोलल्या. "कमान छानच दिसेल रे. पण माझं दुकान मावळतीकडे तोंड करून आहे. पडवी गेली की दुपारपासून ऊन थेट माझ्या मेजावर. उन्हात काच दिसत नाही, दिसतो तो नुसता चकाकता ठिपका. मग दुपारीच शटर ओढायचं. अर्ध्या दिवसाच्या दुकानात कोण येणार? बहीण बोलावतेय कधीची, तिच्याकडे जाईन." मी म्हटलं, आणि हे बाकावरचे? म्हणाल्या, "त्यांना काय, नवे चष्मे घेतील. नव्या चष्म्याला थांबावं लागत नाही." वडील त्यांना नेहमी सांगायचे म्हणे, की पडवी दुकानाइतकीच जुनी आहे. पण मुलीनं वडिलांचा दाखला दिला, तर समिती म्हणते, तुम्ही असंच म्हणणार.

माझं काय, मी आठ-पंधरा दिवसांत निघेन म्हणतो. गाव जगो नाहीतर झोपो, मी कुठे इथला आहे? यंत्रवाल्याशी ओळख झालीय.

पण तब्येतीचं कळवा.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

ताईनं डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, असलं विचारलं. सगळं बरोबर आलं. डोकं ठीक आहे आणि तुझ्यामुळे एक सकाळ फुकट गेली.

कमान मी केली.

दगड नाही तिच्यात. खोक्यांच्या फळ्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर प्लास्टर, वरून चुना. सांधे काजळीच्या पाण्यानं काढले. फूल साच्यात पाडलं. माझा सुतार आजारी होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. पाहुण्यांची गाडी खालून गेली. गाडी थांबलीसुद्धा नाही, पण खाली आली तेव्हा हळू झाली, ते मी बघितलं. मग काही दिवसांनी फळ्या लागतील म्हणून लोकांनी ती उतरवून वाटून घेतली. रस्ता रुंद केला वगैरे काही नाही, रस्ता होता तेवढाच आहे.

पडवी आधीची. कमानीसाठी ती आम्ही उतरवली, काकूंच्या वडिलांनी स्वतः शिडी धरली होती. नंतर मीच परत बसवली. जुनी भोकं वासे काढताना फुटली होती, म्हणून हातभर वर नवी पाडली. जुनी बुजवायला कमानीचे तुकडे हाताशी होते, तेच ठोकले.

तुझ्या दारात जो ठोकळा आहे, तो कमानीचा आहे. पापुद्रा आणि गोणपाट लागलेली बाजू लोकांना दिसायची ती. मॅडमना तो दे आणि बाकीचे त्यांच्याच समोर भिंतीतून काढ. भोकं पडवीची, बूच कमानीचं. यापेक्षा जास्त मलाही सांगता येणार नाही.

हे तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. मग सांगितलं का नाही, असं विचारशील. दगडात झाली असती तर बघायला आलो असतो, एवढंच.

ऊन मेजावर येतं हे तू आधी कळवलं नव्हतंस.

मामा


१५ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचून आधी दाराकडे गेलो. ठोकळा काढला, दार धाडकन आपटलं, घरमालकीण ओरडली. उलटा करून बघितला. चुन्यावर काजळीची बारीक रेघ आहे. सांधा! एवढे दिवस तुमच्या कमानीचा सांधा मी पायानं सरकवत होतो.

मॅडमना दिला. त्यांनी बराच वेळ फिरवून फिरवून बघितला. म्हणाल्या, "पाया लागत नव्हता तेव्हाच कळायला हवं होतं, की ही उभी राहिलीच नव्हती, नुसती लावली होती." मग माझ्याकडे बघून, "आणि तू ह्यानं दार अडवत होतास." मी म्हटलं, छान अडत होतं. त्या हसल्या नाहीत. मग हसल्या.

बैठकीआधी सगळ्यांसमोर बाकीची बुचं काढली. प्रत्येकाला गोणपाट. दोन तर एकमेकांना जुळली, तुमच्या फुलाची पाकळी निघाली. मॅडमनी शांतपणे सगळं समजावलं. कोणी वाद घातला नाही. अध्यक्षांनी पाकळी हातात घेतली, नखानं खरवडली, चुना पँटवर पडला. म्हणाले, "माझे वडील ह्याच्याखाली उभे होते." मग म्हणाले, "मग आता फोटोचं काय करायचं?"

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या की. सुंदर फोटो आहे."

तर कमान रद्द. पडवी राहणार, जुन्या इमारतींच्या यादीत तिची नोंद होणार, कौलं तेवढी बदलणार. रस्त्यावरच्या सगळ्या भिंतींना आतला आजारी हिरवा रंग द्यायचं ठरलंय, तो मूळचा निघाला. मी म्हटलं होतं, थोडं खोटं बोलूया आणि गुलाबी देऊया. आता पडवी बघायला बाहेरचे लोक मुद्दाम आत वळतील का? मला काही वाटत नाही. अध्यक्षांनाही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी ते बाकावर येऊन बसले, तेही चष्मा घालूनच. काकूंनी विचारलं, काय मोडलं? म्हणाले, "काही नाही, जरा बसतो."

तुमचं नाव मी कुठेच घेतलं नाही. "माझे एक मामा" एवढंच. काकूंना मात्र सांगितलं. दोऱ्यानं बांधलेल्या काडीचंही. त्या म्हणाल्या, दोरा बांधतात होय, इतकं चांगलं लाकूड कापणारा माणूस! त्यांना म्हणावं, या इकडे घेऊन.

मी उद्या गाळवाल्यांबरोबर नदीनं खाली जातोय. पत्ता नाही, नदी आहे. आईला कळवत राहीन.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरीस आशीर्वाद.

तुझा ठावठिकाणा तुझ्या आईकडून मिळाला. तिनं तो नेहमीप्रमाणे अंदाजानं दिला आहे, पोचलं तर पोचलं.

हे पत्र मी पडवीतून लिहिलेलं नाही, परत आल्यावर लिहितो आहे. ताईला सांगितलं, काडी बदलून येतो. ती म्हणाली, त्यासाठी एवढ्या लांब? मी म्हटलं, काचा चांगल्या आहेत.

बसनं गेलो. हमरस्त्यावर उतरून आत चालत गेलो. रस्ता हिरवा केला आहे, वाईट नाही. पडवी बघितली. एक वासा मी घातला होता त्यापेक्षा खाली बसला आहे, पण पडणार नाही. काकूंनी मला बघितलं, काही विचारलं नाही, हात पुढे केला. मी चष्मा दिला आणि बाकावर बसलो.

चष्मा गेल्यावर रस्ता म्हणजे नुसता हिरवा धूर. शेजारी कोणीतरी होतं. आवाजावरून तुझे पोस्टमन असावेत. मला म्हणाले, "बाहेरचे दिसता." मी म्हटलं, हो. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली, समिती, मॅडम, भोकं. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "आता म्हणतात गोणपाटाची होती. काहीतरीच. मी लहान होतो, पण ह्या हातानं तिला शिवलोय."

मी विचारलं, "कशी लागली हाताला?"

"थंडगार," ते म्हणाले. "दगडच तो. असा दगड आता मिळत नाही. आणि वर काय कोरलं होतं, कमळ!"

कमळ मी कमळच राहू दिलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना दिसत नसावा. मग ते ज्या बाजूला कमान होती तिकडे हात करून तिची उंची दाखवायला लागले. होती त्यापेक्षा बरीच जास्त दाखवत होते.

आतून काकूंनी हाक मारली, "काका, झाला चष्मा."

मी म्हटलं, "काडी जरा सैल वाटते. पुन्हा बघा."

"अहो, अजून घातलाय कुठे तुम्ही?"

म्हटलं, "बघा तरी."

मामा